धुराडं धूर ओढत नाही

खानापूरच्या पुढं जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळा काय असतो हे तिकडं राहिलेल्यांना सांगायला नको. भिंती ओल्या, अंथरूण गार, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. अशा घरात जुनं धुराडं असलं की कुणाच्याही मनात येतं, एक लोखंडी बंद शेगडी आणावी आणि पत्र्याच्या पाईपने धुराड्याला जोडून टाकावी. फॅब्रिकेशनवाला सहा इंची पाईप आणि एल्बो करून देतो, गवंडी भिंतीला भोक पाडून देतो. आणि दोघंही सांगून जातात, ‘आता धुराडं धूर ओढून घेईल की!’

धुराडं काहीही ओढत नाही. धूर बाहेर घालवते ती खोलीतली गार हवा, तीही ढकलून. हा फरक शब्दांचा वाटेल, पण शेगडी चालणार की घर धुरानं भरणार हे यावरच ठरतं.

धुराड्याची उंची पाच मीटर धरू. आत २०० अंशांचा धूर, बाहेर २५ अंशांची हवा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच असल्यानं इथं एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.०८ किलो भरतं, तर तेवढ्याच गरम धुराचं ०.६८ किलो. फरक ०.४० किलोचा. पाच मीटर उंचीला हाच फरक दर चौरस मीटरमागं दोन किलो होतो, म्हणजे दाबाच्या भाषेत सुमारे २० पास्कल. वातावरणाचा दाब इथं ९२ हजार पास्कलच्या वर, आणि सगळा कारभार चालतो या २० पास्कलवर! पाण्याच्या उंचीत मोजलं तर जेमतेम दोन मिलिमीटर. (तीच शेगडी, तेच धुराडं खाली पणजीला नेलं तर आठ-नऊ टक्के जास्त दाब मिळेल, कारण तिथली हवा जड.)

या दाबाच्या हिशेबात धुराड्याची उंची आणि आतल्या-बाहेरच्या हवेच्या घनतेतला फरक, एवढ्या दोनच गोष्टी बदलतात. घनता केल्व्हिन तापमानाच्या (सेल्सिअस अंशांत २७३ मिळवून येणाऱ्या) व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणून धूर वाटेत २०० वरून ८० अंशांवर आला, तर २० पास्कलचे उरतात फक्त आठ. उंची तीच, शेगडी तीच, जोर मात्र निम्म्याहून कमी. एल्बोच्या प्रत्येक वळणावर, पाईपच्या खरबरीत आतल्या अंगावर जे घर्षण होतं, ते याच तुटपुंज्या भांडवलातून वजा होतं. दोन एल्बोंच्या वर जाऊ नये म्हणतात ते यासाठी.

आता जुन्या धुराड्याकडं या. चुलीसाठी बांधलेलं धुराडं आतून फूटभर चौरस, म्हणजे १४४ चौरस इंच असलं, तर सहा इंची पाईपचं छिद्र त्यापुढं २८ चौरस इंचांचं. पाईपमधून जोरात आलेला धूर पाचपट रुंद जागेत शिरला की त्याचा वेग पाचव्या हिश्शावर येतो. रेंगाळतो, गार विटांना चिकटून निवतो. आंघोळीचा बंब आठवा. त्याची नळी अरुंद, सरळ, आणि आगीच्या डोक्यावरच, म्हणून चार ढलप्या टाकल्या तरी तो घुमायला लागतो. अमेरिकेत लाकडाच्या शेगड्यांसाठी नियमच आहे: धुराड्याच्या पोकळीचं क्षेत्रफळ शेगडीतून धूर बाहेर पडतो त्या तोंडाच्या तिपटीहून जास्त नको, आणि धुराड्याची भिंत घराबाहेर उघडी असेल तर दुपटीहून जास्त नको. जास्त असेल तर जुन्या धुराड्यातून वरपर्यंत स्टेनलेस स्टीलचा पाईपच सोडायचा. खर्चिक आहे, पण खरा उपाय हाच.

गार झालेल्या धुरातून पाणी सुटतं. एक किलो खडखडीत वाळलेलं लाकूड जाळलं तरी सुमारे अर्धा किलो पाणी तयार होतं, कारण लाकडात सहा टक्क्यांच्या आसपास हायड्रोजन असतो आणि एक ग्रॅम हायड्रोजन जळून नऊ ग्रॅम पाणी होतं. आषाढातलं लाकूड असेल तर त्याच्या अंगचं पाणी वेगळंच. धूर १२० अंशांच्या खाली आला की त्यातलं अर्धवट जळलेलं डांबरही आतून बसायला लागतं. त्याला क्रिओसोट म्हणतात. हे पेटलं तर आतलं तापमान हजार अंशांपलीकडं जातं. कौलांखालचे वासे तिथून कितीसे लांब असतात?

पाईप जोडताना चुण्या पाडलेलं टोक शेगडीच्या बाजूला, खाली हवं. पुष्कळजण उलटं बसवतात, धूर फटीतून बाहेर येईल या भीतीनं. पण शेगडी नीट चालत असताना पाईपमधला दाब खोलीपेक्षा कमी असतो, फटीतून हवा आत जाते. बाहेर येतं ते वरून ओघळणारं काळं पाणी, आणि चुण्या खाली असल्या की ते पाईपच्या आतूनच शेगडीत उतरतं. बाकी थोडक्यात: प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू, आडव्या पाईपला धुराड्याकडं फुटामागं पाव इंच चढ, लाकडापासून दीड फूट अंतर, आणि पाईपचं टोक पोकळीत पुढं आलेलं नको. शेगडीजवळ जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पाईप नकोच. त्यावरचं जस्त ४२० अंशांना वितळतं.

सकाळी पहिल्यांदा पेटवताना धूर खोलीत उलटा येतो तेव्हा कुणी अमावास्या बघतो, कुणी लिंबू-मिरची बांधतो, कुणी शेगडी आग्नेयेला हलवतो. रात्रभर गारठलेल्या धुराड्यातली हवा जड असते, एवढीच ती करणी. वर्तमानपत्राचा एक बोळा पाईपच्या तोंडाशी जाळला की ती करणी उतरते. ‘निर्धूर चूल’ या शब्दालाही भुलू नये. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या ‘अस्त्र’ गटाची, धुराडं असलेली ‘अस्त्र ओले’ चूल कर्नाटकात बऱ्याच जणांनी पाहिली असेल. तिचं कौतुक आत किती हवा सोडायची याच्या हिशेबाला आहे. नुसता पाईप लावल्यानं धूर कमी होत नाही, तो छपरावर जातो.

आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन. दारं-खिडक्या बंद असताना तो २० पास्कलशी सहज बरोबरी करतो, आणि मग धुराड्यातली हवा खाली यायला लागते. विझत आलेल्या निखाऱ्यांचा धूर दिसत नाही, पण त्यातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो. त्याला वासही नसतो. शेगडीत निखारे असेपर्यंत पंखा बंद ठेवा, आणि झड आत येत असली तरी एक खिडकी चार बोटं उघडी असू द्या.