नॅचेझचा दौरा आम्ही हवेल्यांपासून सुरू का करत नाही
(मिसिसिपी नदीकाठच्या सहलीला निघण्यापूर्वी वाचावयाचे माहितीपत्रक)

सप्रेम नमस्कार.

आपण आमच्यासोबत न्यू ऑर्लिन्सहून नॅचेझला निघाला आहात. आमच्या लहानशा संस्थेकडे येणाऱ्यांत अमेरिकेत मुलांकडे काही महिन्यांसाठी आलेले आई-वडील अधिक असतात आणि त्यांपैकी अनेकांनी या शहराचे नाव पूर्वी ऐकलेले नसते. म्हणून हे माहितीपत्रक आम्ही आधीच हाती देतो. 2020च्या जनगणनेत नॅचेझची लोकसंख्या 14,520 होती, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाहूनही लहान. तरीही या गावासाठी आम्ही पूर्ण दोन दिवस राखून ठेवतो.

नॅचेझ मिसिसिपी राज्याच्या नैर्ऋत्य भागात, नदीच्या पूर्व तीरावरील सुमारे 200 फूट उंच कड्यावर वसले आहे. समोरच्या तीरावर लुइझियाना राज्यातील विडेलिया हे गाव सपाट आणि सखल जमिनीवर आहे, त्यामुळे 1927 किंवा 2011सारखे मोठे पूर आले की बांधबंदिस्तीची धडपड मुख्यतः पलीकडच्या काठाला करावी लागते. 2011च्या मे महिन्यात नॅचेझच्या मापपट्टीवर नदी सुमारे 62 फुटांपर्यंत चढली होती, तेव्हाही कड्यावरचे शहर कोरडे होते. कड्याची माती मात्र नीट पाहावी. ती खडक नसून हिमयुगाच्या काळात वाऱ्याने वाहून आणलेली पिवळसर, पिठासारखी बारीक माती आहे. भूशास्त्रात तिला लोएस म्हणतात. कोरडी असताना ती भिंतीसारखी सरळ उभी राहते आणि पाणी मुरले की ढासळते. कड्याच्या पायथ्याशी ‘अंडर द हिल’ नावाची बंदरवस्ती होती, तिचे बहुतेक रस्ते नदीने गिळले आणि आता मुख्यतः सिल्व्हर स्ट्रीट हा एकच उरला आहे. याच मातीमुळे नॅचेझ ट्रेस या जुन्या पायवाटेचा एक भाग माणसांच्या आणि घोड्यांच्या वर्दळीने झिजून इतका खोल गेला आहे की त्यातून चालताना दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर मातीच्या भिंती आणि त्यांतून बाहेर आलेली झाडांची मुळे दिसतात. त्या भिंतीला हात लावून पाहा, बोटांना पीठ लागते.

शहराला नाव मिळाले ते येथील मूळ नॅचेझ लोकांवरून. ‘महान सूर्य’ हे त्यांच्या प्रमुखाचे पद होते आणि त्याचा वारसा मुलाकडे न जाता आईकडच्या नात्याने, म्हणजे बहिणीच्या मुलाकडे जात असे. फ्रेंचांनी 1716 मध्ये येथे फोर्ट रोझाली हा किल्ला बांधला. जमिनीवरून वाद चिघळत गेला, 1729च्या नोव्हेंबरात नॅचेझ लोकांनी उठाव करून दोनशेहून अधिक फ्रेंचांना ठार केले आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत फ्रेंचांनी या जमातीची वाताहत केली. हाती लागलेल्या शेकडो लोकांना कॅरिबियनमध्ये गुलाम म्हणून विकण्यात आले. उरलेल्यांनी चिकसॉ, क्रीक आणि चेरोकी लोकांचा आसरा घेतला. त्यांच्या मुख्य गावातील मातीचे उंचवटे आजही जपलेले आहेत. ट्रेसवरचा एमराल्ड माउंड तर सुमारे आठ एकरांवर पसरलेला असून तो मूळ रहिवाशांच्या मिसिसिपियन संस्कृतीच्या काळातील अमेरिकेतला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा उंचवटा मानला जातो. पुढे ब्रिटिश आले, मग स्पॅनिश आले, आणि 1798 मध्ये अमेरिकेचा अंमल सुरू झाला.

तिठा

पूर्वी आम्हीही इतरांप्रमाणे पहिल्या सकाळी कापसाच्या मळेवाल्यांच्या जुन्या हवेल्या दाखवत असू. यवतमाळकडच्या एक आजी आमच्यासोबत आल्या होत्या. त्यांनी आयुष्यभर स्वतःच्या शेतात कापूस वेचला होता. एका हवेलीच्या संगमरवरी शेकोटीसमोर मार्गदर्शक मालकांच्या संपत्तीविषयी सांगत असताना त्यांनी शांतपणे विचारले, “एवढा कापूस वेचला कोणी?” बोंडाची वाळलेली टोके नखांच्या कडेला कशी टोचतात आणि दिवसभर वाकून एका माणसाच्या हाती किती थोडा कापूस लागतो, हे त्यांना ठाऊक होते. त्या प्रश्नानंतर आम्ही सहलीचा क्रम बदलला.

आता पहिली भेट असते ती शहराच्या मध्यभागापासून सुमारे मैलभर पूर्वेला असलेल्या ‘फोर्क्स ऑफ द रोड’ या तिठ्याची. न्यू ऑर्लिन्स वगळता अमेरिकेच्या खोल दक्षिणेतील गुलामांचा सर्वांत मोठा बाजार येथे भरत असे. 1833 मध्ये एका व्यापाऱ्याकडील पटकीने मेलेल्या गुलामांची प्रेते ओहोळात पुरलेली सापडली, शहरात भीती पसरली आणि व्यापाऱ्यांना हद्दीबाहेर घालवण्यात आले. ते हद्दीला लागूनच या तिठ्यावर बसले आणि व्यापार पुढे तीस वर्षे चालू राहिला. व्हर्जिनिया आणि मेरिलंडकडून माणसांना जोडीजोडीने बेड्या घालून हजार मैलांहून अधिक अंतर पायी चालवत आणले जाई. येथे बहुधा लिलाव होत नसे. माणसांना बरे कपडे घालून ओळीने उभे करत, गिऱ्हाईक येई, दात आणि हात तपासून पाही आणि घासाघीस करून सौदा ठरवी. उत्तर आणि दक्षिणेतील राज्यांच्या यादवी युद्धात 1863 मध्ये उत्तरेच्या फौजा शहरात आल्यावर गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांनी येथील कोठड्या पाडल्या. त्यांपैकी काही जण याच जागी विकले गेले होते.

आज तेथे गवताची मोकळी जागा, काही माहितीफलक आणि सिमेंटमध्ये बसवलेल्या लोखंडी बेड्या एवढेच आहे. फोटो काढण्याजोगे फारसे काही नाही, आणि म्हणूनच ही जागा पर्यटकांच्या नजरेतून सुटते. 2021 मध्ये ती नॅचेझ राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानात समाविष्ट करण्यात आली. आम्ही येथे अर्धा तास थांबतो आणि त्या वेळेत गाडीतील गाणी बंद ठेवतो.

कापूस, आणि आपला त्याच्याशी संबंध

1793 मध्ये एली व्हिटनीचे सरकी काढण्याचे यंत्र आले आणि आखूड धाग्याचा कापूस फायद्याचा झाला. नॅचेझच्या उत्तरेला राहणाऱ्या डॉ. रश नट यांनी मेक्सिकन बियाण्यापासून ‘पेटिट गल्फ’ हे वाण तयार केले. त्याचे बोंड मोठे उघडत असल्याने वेचणी सोपी होई, म्हणजे एका गुलामाकडून अधिक वेचून घेता येई. वाफेच्या बोटींनी गाठी न्यू ऑर्लिन्सला आणि तेथून इंग्लंडच्या गिरण्यांना जात.

1861 मध्ये यादवी युद्ध सुरू झाले, दक्षिणेची बंदरे रोखली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. त्या गिरण्यांनी मुंबईकडे मोर्चा वळवला. कापसाचे भाव भडकले, वऱ्हाड आणि खानदेशात पेरा वाढला, मुंबईत पैशाचा पूर आला आणि शेअरबाजाराचे वेड लागले. 1865 मध्ये युद्ध संपताच तो सारा डोलारा कोसळला. त्यापूर्वी 1840 मध्येच ईस्ट इंडिया कंपनीने आपल्याकडील लागवड सुधारण्यासाठी मिसिसिपीकडचे जाणकार मळेवाले हिंदुस्थानात आणले होते. कापूसपट्ट्यातून आलेल्या आमच्या ग्राहकांना हे शहर इतरांपेक्षा लवकर समजते, असा आमचा अनुभव आहे.

त्याच युद्धाची सर्वांत बोलकी खूण म्हणजे लाँगवूड ही अष्टकोनी हवेली. रश नट यांचे पुत्र हॅलर नट यांनी ती 1860 मध्ये बांधायला घेतली. युद्ध सुरू झाल्यावर फिलाडेल्फियाहून आलेले कारागीर काम अर्धवट टाकून परतले. बत्तीस खोल्यांच्या आराखड्यापैकी फक्त तळमजल्यावरील नऊ खोल्या पूर्ण झाल्या. नट 1864 मध्ये वारले आणि कुटुंब त्या तळमजल्यावरच राहिले. वरच्या मजल्यावर आजही उघड्या विटा, कोऱ्या फळ्या आणि कारागिरांनी मागे ठेवलेली हत्यारे दिसतात. वेळ कमी पडल्यास बाकीच्या हवेल्यांपैकी एखादी आम्ही वगळतो, लाँगवूड कधीही वगळत नाही.

स्टेट स्ट्रीटवरील विल्यम जॉन्सन यांचे घरही चुकवू नये. गुलामीत जन्मलेले जॉन्सन अकराव्या वर्षी मुक्त झाले, न्हाव्याचा धंदा करून सधन झाले आणि 1835 पासून 1851 पर्यंत त्यांनी रोजनिशी लिहिली. त्यांनी स्वतःही गुलाम बाळगले होते, आणि ही गोष्ट संग्रहालय लपवत नाही. 1851 मध्ये जमिनीच्या हद्दीच्या वादातून त्यांचा खून झाला. साक्षीदार कृष्णवर्णीय होते आणि आरोपी स्वतःला गोरा म्हणवत होता. गोऱ्या माणसाविरुद्ध कृष्णवर्णीयांची साक्ष कायद्याने चालत नसल्याने तो सुटला.

लोकजीवन

नॅचेझमध्ये बहुसंख्य कृष्णवर्णीय आहेत आणि येथील सार्वजनिक जीवनाचा कणा म्हणजे चर्च. अमेरिकेच्या सिनेटमधील पहिले कृष्णवर्णीय सदस्य हायरम रेव्हल्स 1870 मध्ये निवडले गेले, तेव्हा ते येथीलच धर्मगुरू होते. कापसाचे वैभव गेल्यावर आणि बोल वीव्हिल या सोंडेवाल्या किड्याने उरलीसुरली शेतीही बुडवल्यावर येथील गोऱ्या घराण्यांतील स्त्रियांनी 1932 मध्ये ‘पिलग्रिमेज’ सुरू केले. वसंतात खासगी हवेल्या पाहुण्यांना खुल्या होतात. त्या उत्सवात दीर्घकाळ गुलामांचा उल्लेखही टाळला जाई, अलीकडे तो होऊ लागला आहे. ऑक्टोबरात नदीवर गरम हवेच्या फुग्यांचा उत्सव असतो आणि त्या दिवसांसाठी खोल्या फार आधी राखाव्या लागतात.

येथील माणसे एका दुःखाविषयी आजही हलक्या आवाजात बोलतात. 23 एप्रिल 1940 रोजी ऱ्हिदम क्लब या नृत्यगृहाला आग लागली. छताला सजावटीसाठी स्पॅनिश मॉस ही झाडांवर लोंबणारी वनस्पती वाळवून टांगलेली होती, तिच्यावर कीटकनाशक फवारलेले होते, आणि फुकट कोणी आत येऊ नये म्हणून खिडक्या ठोकून बंद केल्या होत्या. 209 कृष्णवर्णीय मृत्युमुखी पडले. या गावात क्वचितच असे जुने कृष्णवर्णीय कुटुंब असेल ज्याच्या आठवणीत त्या रात्रीचे कोणी नाही. कृपया हा विषय आपण होऊन काढू नये. कोणी सांगू लागले तर अवश्य ऐकावे.

सोयीच्या काही गोष्टी

शाकाहारी ग्राहकांनी लक्षात ठेवावे की येथे घेवडा आणि पालेभाजीसुद्धा बहुधा डुकराच्या मांसासह शिजवतात, तामाले या मक्याच्या पिठाच्या पदार्थातही मांस असते आणि बिस्किट नावाच्या गरम पावात कधी चरबी असते. आम्ही आधी चौकशी करून ठेवतो, तरी आपणही विचारावे. मे ते सप्टेंबर हवा मुंबईसारखी दमट असते. खोल वाटेत पावसानंतर घसरते, म्हणून खाच असलेल्या तळाची पादत्राणे आणावीत. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी लाँगवूडचे जिने आणि एमराल्ड माउंडची चढण यांविषयी आम्हाला आधी कळवावे, म्हणजे त्या वेळेत त्यांना कड्यावर बसवून ठेवण्याची व्यवस्था करता येते.

दोन्ही संध्याकाळी आम्ही सर्वांनाच कड्यावर नेतो. सूर्य लुइझियानाच्या बाजूला मावळतो आणि खालून एक ढकलबोट तीस-तीस तराफे एकत्र बांधून धान्य घेऊन दक्षिणेकडे जाताना दिसते. वळणावर ती नजरेआड व्हायला बराच वेळ लागतो. तोपर्यंत आम्ही कोणाला गाडीकडे बोलावत नाही.