वरची सही, खालची सही आणि ओबामांची रिकामी जागा

६ जानेवारी २००९. वॉशिंग्टनमध्ये ऐन थंडीत पाऊस पडत होता. ७१ वर्षांचे रोलंड बरिस नव्या सिनेटरांच्या शपथविधीसाठी कॅपिटॉलमध्ये गेले आणि थोड्याच वेळात शपथ न घेता बाहेर आले. सिनेटच्या सचिव नॅन्सी एरिक्सन यांनी त्यांची कागदपत्रं पाहून, ही नियमात बसत नाहीत, असं सांगितलं होतं. नेमणूकपत्रावर इलिनॉयच्या गव्हर्नरांची सही होती, पण तिच्याखाली राज्याच्या 'सेक्रेटरी ऑफ स्टेट'ची, म्हणजे राज्याची कागदपत्रं आणि शिक्का सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याची, सही नव्हती. बाहेर पावसात, कॅमेऱ्यांच्या गराड्यात उभं राहून बरिस हेच सांगत होते. 'एक सही राहिलीय, ती घेऊन या' म्हणून कचेरीतून परत पाठवलेली माणसं आपण रोज बघतो. फरक एवढाच, की यांना सिनेटमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहात, ओबामांनी सोडलेल्या जागेवर बसायचं होतं.

खालची सही हे निमित्त होतं. अडचण होती ती वरच्या सहीची.

ती रॉड ब्लागोयेविच यांची. अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपल्या राजभवनातले राज्यपाल नव्हेत. तो लोकांनी निवडून दिलेला असतो आणि राज्याचा कारभार हाकतो, म्हणजे आपल्या हिशेबात मुख्यमंत्रीच. ब्लागोयेविच शिकागोचे, सासरे तिथले वजनदार नगरसेवक, पक्ष डेमोक्रॅटिक. २००२ आणि २००६ अशा दोन निवडणुका त्यांनी जिंकल्या होत्या. त्यांच्या आधीचे गव्हर्नर जॉर्ज रायन भ्रष्टाचारात दोषी ठरून तुरुंगात होते आणि त्याच घाणीला विटलेल्या मतदारांना ब्लागोयेविच यांनी साफसफाईचं आश्वासन दिलं होतं.

नोव्हेंबर २००८ मध्ये ओबामा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि १६ तारखेला त्यांनी सिनेटची जागा सोडली. ती भरायचा अधिकार गव्हर्नरांचा. त्यांचे फोन एफबीआय आधीपासूनच ऐकत होती. ९ डिसेंबरच्या पहाटे त्यांना घरातून अटक झाली आणि सरकारी वकील पॅट्रिक फिट्झजेराल्ड यांनी टेपमधले उतारे जाहीर केले. ही जागा म्हणजे सोनं आहे, ते मी फुकटात सोडणार नाही, हे गव्हर्नरांचं वाक्य (मूळ वाक्यात एक कचकचीत शिवी आहे) अमेरिकाभर गाजलं. मोबदल्यात काय हवं, याची यादी लांबलचक होती: केंद्रात मंत्रिपद, राजदूतपद, एखाद्या संस्थेत गलेलठ्ठ पगाराची नोकरी, पत्नीला कंपन्यांच्या संचालक मंडळांवर जागा. काहीच जमलं नाही तर स्वतःचीच नेमणूक करून टाकू, असाही विचार चालला होता. शिकागोतल्या एका भारतीय वंशाच्या उद्योजकाकडून, एका इच्छुकासाठी १५ लाख डॉलर जमवून देण्याचा देकार आला होता, ही साक्ष पुढे खटल्यात झाली.

अशा माणसाच्या हाती ही लेखणी आलीच कशी? त्याचं उत्तर शंभर वर्षं मागे, त्याच इलिनॉयमध्ये सापडतं.

१९१३ पर्यंत अमेरिकन सिनेटर हे आपल्या राज्यसभेच्या खासदारांसारखे होते, त्यांना राज्यांची विधिमंडळं निवडून द्यायची. १९०९ मध्ये इलिनॉयच्या विधिमंडळात महिनोन्‌महिने घोळ चालला आणि शेवटी विल्यम लॉरिमर निवडून आले. पुढच्याच वर्षी चार्ल्स व्हाइट नावाच्या आमदारानं 'शिकागो ट्रिब्यून'मध्ये कबुली दिली, की लॉरिमरना मत देण्याचे मला एक हजार डॉलर मिळाले. सिनेटनं एकदा लॉरिमरना वाचवलं, पण जुलै १९१२ मध्ये त्यांची निवड रद्द ठरवली. आमदार विकले जातात तर सिनेटर थेट लोकांनीच निवडावा, ही मागणी जुनीच होती. या प्रकरणानं तिला जोर आला आणि १९१३ मध्ये सतरावी घटनादुरुस्ती मंजूर झाली.

त्या दुरुस्तीत एक पोटकलम आहे. जागा मध्येच रिकामी झाली तर निवडणूक घ्यायची, पण तोवर तात्पुरता सिनेटर नेमण्याचा अधिकार विधिमंडळ गव्हर्नरला देऊ शकतं. इलिनॉयनं तो दिला होता. म्हणजे जो बाजार अनेक आमदारांत मिळून भरायचा, तो आता एकाच टेबलावर भरू शकत होता.

याचीही झलक इलिनॉयनं आधी दाखवली होती. १९२६ मध्ये फ्रँक स्मिथ सिनेटवर निवडून आले. ते वीज आणि गॅस कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्य आयोगाचे अध्यक्ष होते आणि प्रचारासाठी त्यांनी वीज कंपन्यांचे सम्राट सॅम्युएल इन्सल यांच्याकडून सव्वा लाख डॉलर घेतले होते. त्याच डिसेंबरात जुने सिनेटर वारले, तेव्हा गव्हर्नर लेन स्मॉल यांनी उरलेल्या थोड्या दिवसांसाठी स्मिथनाच नेमलं. हे स्मॉलही अफरातफरीच्या खटल्यातून सुटलेले होते. सिनेटनं स्मिथना ना नेमणुकीवर बसू दिलं, ना निवडणुकीवर.

मग २००९ मध्ये बरिसना अडवणं अवघड का गेलं? कारण मध्ये १९६९ चा एक निकाल होता. ॲडम क्लेटन पॉवेल या न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय सदस्याला प्रतिनिधिगृहानं पैशाच्या गैरव्यवहारावरून बाहेर ठेवलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं बजावलं, की वय, नागरिकत्व आणि रहिवास या घटनेतल्या अटी जो पुऱ्या करतो त्याला सभागृह अडवू शकत नाही. तो निकाल निवडून आलेल्या सदस्याबद्दल होता, नेमलेल्याबद्दल नव्हे. सिनेटच्या नेत्यांना मान काढून घ्यायला तेवढी फट दिसत होती, पण कोर्टात ती टिकेल याची खात्री नव्हती.

आणि बरिसांवर तेव्हा कसलाही आरोप नव्हता. १९७८ मध्ये राज्यव्यापी निवडणूक जिंकणारे ते इलिनॉयचे पहिले कृष्णवर्णीय नेते. पुढे ते राज्याचे ॲटर्नी जनरल झाले, मग गव्हर्नरपदाच्या उमेदवारीसाठी तीनदा हरले. माणसाला स्वतःचं कौतुक फार. शिकागोच्या ओक वूड्स दफनभूमीत त्यांनी हयातीतच आपली समाधी बांधून घेतली, तिच्या दगडावर 'वाट पाडणारा' असं बिरुद कोरलं आणि खाली मिळवलेल्या पदांची यादी दिली. ३० डिसेंबरला ब्लागोयेविच यांनी त्यांचं नाव जाहीर केलं, तेव्हा खासदार बॉबी रश व्यासपीठावर आले आणि गव्हर्नरवरच्या रागापायी या माणसाला फासावर लटकवू नका, असं म्हणाले. त्यांनी वापरलेला शब्द काळ्या माणसांना झाडाला टांगून मारण्याच्या इतिहासातला होता. ओबामा गेल्यावर सिनेटमध्ये एकही कृष्णवर्णीय सदस्य उरला नव्हता. पेच नेमका कुठे टाकायचा, हे ब्लागोयेविच यांना अचूक कळत होतं.

डेमोक्रॅटांच्या पन्नासही सिनेटरांनी त्यांना आधीच पत्र लिहून, नेमणूक करू नका, आम्ही ती मानणार नाही, असं कळवलं होतं. पण अधिकार काढून घेणं विधिमंडळाच्या हाती होतं. अटकेनंतर तीन आठवडे होते आणि विधिमंडळात बहुमतही त्यांच्याच पक्षाचं. पोटनिवडणुकीची घोषणा झाली आणि विरली. जागा रिपब्लिकनांकडे जाईल, ही धास्ती. माझ्या मते या प्रकरणातलं खरं पाप हे. ब्लागोयेविच कसे आहेत ते सगळ्यांना माहीत होतं, तरी लेखणी त्यांच्याकडेच राहू दिली.

पुढचं झपाट्यानं घडलं. सेक्रेटरी ऑफ स्टेट जेसी व्हाइट सही करत नव्हते. ९ जानेवारीला इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की नेमणूक वैध ठरायला त्या सहीची गरजच नाही आणि नेमणुकीची शिक्का मारलेली प्रमाणित प्रत हवी तर ती व्हाइट यांच्या कार्यालयातून मिळते. त्याच दिवशी तिथल्या प्रतिनिधिगृहानं ब्लागोयेविच यांच्यावर ११४ विरुद्ध १ मतानं महाभियोग आणला. १५ तारखेला बरिसनी शपथ घेतली आणि २९ तारखेला राज्याच्या सिनेटनं ब्लागोयेविच यांना ५९ विरुद्ध शून्य मतांनी हाकललं.

मे महिन्यात एक टेप बाहेर आली. नेमणुकीच्या दीड महिना आधी गव्हर्नरांच्या भावाशी बोलताना बरिस गव्हर्नरांसाठी देणगीचं कसं जमवायचं, याचा विचार करत होते. शपथपत्रात त्यांनी हे सांगितलं नव्हतं. खटला झाला नाही. सिनेटच्या समितीनं दिशाभूल करणारी, अपुरी माहिती दिल्याचा ठपका मात्र ठेवला. ब्लागोयेविच यांना २०११ मध्ये १४ वर्षांची शिक्षा झाली, २०२० मध्ये ट्रम्प यांनी ती कमी करून त्यांना सोडलं आणि २०२५ मध्ये माफीही दिली.

जागेचा निकाल मतदारांनी लावला, तोही विचित्र पद्धतीनं. जी निवडणूक २००८ मध्ये टाळली ती घ्यावीच लागेल, असं २०१० मध्ये केंद्रीय अपील न्यायालय म्हणालं. त्यामुळे २ नोव्हेंबरला इलिनॉयच्या मतपत्रिकेवर एकाच जागेसाठी दोनदा मत द्यायचं होतं: एकदा पुढच्या सहा वर्षांसाठी आणि एकदा ओबामांच्या मुदतीतल्या उरलेल्या काही आठवड्यांसाठी. बरिस उभे नव्हते. दोन्हीकडे रिपब्लिकन मार्क कर्क जिंकले आणि २९ तारखेला त्या जागेवर जाऊन बसले.