मेहता, आदित्य

आदित्य मेहता (जन्म : ३१ ऑक्टोबर १९८५, मुंबई) हे भारतीय स्नूकरपटू आहेत. व्यावसायिक स्नूकरमधील मानांकन स्पर्धेची (जिच्या निकालावर खेळाडूंचा क्रम ठरतो अशा स्पर्धेची) अंतिम फेरी गाठणारे ते पहिले भारतीय. व्यावसायिक सामन्यात १४७ गुणांचा सर्वोच्च ब्रेक (एकाच पाळीत सलग मिळवलेले गुण) करणारे पहिले भारतीयही तेच. २००८ ते २०१६ या काळात, मधल्या खंडासह, ते व्यावसायिक वर्तुळात खेळले. त्यांच्या नावावर एकही मानांकन विजेतेपद नाही, त्यामुळे या खेळाच्या विजेत्यांच्या यादीत त्यांचे नाव सापडणार नाही. तरीही भारतातला खेळाडू या वर्तुळात किती वर जाऊ शकतो आणि तिथे टिकून राहणे त्याला इतके जड का जाते, हे समजून घ्यायचे तर आधी मेहतांचीच कारकीर्द पाहावी लागते.

पार्श्वभूमी

स्नूकर हा खेळ भारतातच जन्मला. १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने तो सुरू केला आणि पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम ठरले, असे मानले जाते. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले. भारताला कोणत्याही खेळात मिळालेले ते पहिले वैयक्तिक जगज्जेतेपद होते. १९८४ मध्ये ओम अग्रवाल यांनी डब्लिनला स्नूकरचे हौशी जगज्जेतेपद जिंकले. मुंबईचे यासिन मर्चंट १९८९ मध्ये आशियाई विजेते ठरले. हौशी स्पर्धांमधली ही परंपरा भक्कम आहे. व्यावसायिक वर्तुळात मात्र भारतीय नावे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच दिसतात.

याचे मोठे कारण भूगोलात आहे. व्यावसायिक स्नूकरचे केंद्र इंग्लंड. भारतात झालेल्या किंवा चीनमध्ये होणाऱ्या स्पर्धांच्याही पात्रता फेऱ्या बहुतेक वेळा इंग्लंडमधल्याच एखाद्या गावातल्या क्रीडासंकुलात, रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळल्या जातात. म्हणजे व्यावसायिक व्हायचे तर घर सोडून तिकडे राहायचे, सरावाचे टेबल भाड्याने घ्यायचे, प्रवास आणि राहणे स्वतःच्या खिशातून करायचे, आणि मेहतांच्या काळात पहिल्याच फेरीत हरलो तर बहुधा हात हलवत परतायचे. इंग्लंडमधला नवखा खेळाडू रात्री आपल्या घरी झोपतो. मुंबईच्या खेळाडूचे मीटर रोज चालू असते.

दुसरे कारण टेबलाचे. व्यावसायिक स्पर्धांमध्ये टेबलाची पाटी खालून गरम ठेवलेली असते, तिच्यावरचे लोकरी कापड पातळ आणि वेगवान असते, आणि पॉकेटची तोंडे इतकी नेमकी कापलेली असतात की किंचित चुकलेला चेंडू आत न पडता जबड्यात थरथरून बाहेर येतो. मुंबईच्या दमट हवेत कापड ओलावा धरते. चेंडू जड चालतो आणि कुशनवरून (टेबलाच्या रबरी कडेवरून) अपेक्षेपेक्षा वेगळ्या कोनात परततो. पावसाळ्यात जिमखान्याच्या टेबलावर सराव करणाऱ्याला पांढरा चेंडू पुढे न्यायला जो जोर लावायची सवय होते, तोच जोर इंग्लंडमधल्या टेबलावर लावला तर चेंडू दोन हात पुढे निघून जातो. हाताला बसलेले हे वळण बदलायला महिने लागतात. गुणफलकावर ते कधीच दिसत नाही.

सुरुवात आणि आशियाई यश

मेहता २००८-०९ च्या हंगामात पहिल्यांदा व्यावसायिक झाले. त्या काळी मानांकनात पहिल्या सोळांतले खेळाडू थेट मुख्य स्पर्धेत उतरत आणि तळाच्या खेळाडूंना तिथवर पोहोचण्यासाठी एकामागून एक पात्रता सामने जिंकावे लागत. या रचनेत नवख्याला जम बसवणे कठीणच. त्यांचे स्थान टिकले नाही.

२०१० च्या ग्वांगझू आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांनी एकेरीत कांस्यपदक मिळवले. यासिन मर्चंट आणि ब्रिजेश दमाणी यांच्याबरोबर सांघिक पदकही जिंकले. क्यू खेळांना (स्नूकर, बिलियर्ड्ससारख्या क्यू म्हणजे काठीने खेळायच्या खेळांना) आशियाई क्रीडास्पर्धेत १९९८ मध्ये प्रवेश मिळाला होता. ग्वांगझूनंतर इंचिऑन (२०१४) आणि जकार्ता (२०१८) इथे ते वगळले गेले. ऑलिंपिकमध्ये स्नूकर नाहीच. त्यामुळे ऐन उमेदीच्या वर्षांत देशासाठी पदक जिंकण्याची, आणि त्यासोबत येणाऱ्या सरकारी मदतीची, सर्वांत मोठी वाट या पिढीसाठी बंद झाली. भारतीय स्नूकरची चर्चा करताना ही गोष्ट फार कमी वेळा बोलली जाते.

२०१२ मध्ये दोहा इथे आशियाई अजिंक्यपद जिंकून मेहता व्यावसायिक वर्तुळात परतले. त्याच हंगामात भारताचेच पंकज अडवाणीही तिथे दाखल झाले होते.

२०१३ : काली आणि दिल्ली

मेहतांच्या कारकिर्दीतले सर्वांत उजळ तीन महिने या वर्षात येतात. जुलै-ऑगस्टमध्ये कोलंबियातील काली शहरात जागतिक क्रीडास्पर्धा (वर्ल्ड गेम्स) झाल्या. ऑलिंपिकबाहेरच्या खेळांसाठी ही स्पर्धा चार वर्षांनी भरते. तिथे अंतिम सामन्यात चीनच्या लिआंग वेनबोला ३-० असे हरवून मेहतांनी सुवर्णपदक घेतले. लिआंग म्हणजे पुढे २०१६ मध्ये इंग्लिश ओपन जिंकणारा खेळाडू.

ऑक्टोबरमध्ये नवी दिल्लीत पहिली इंडियन ओपन झाली. भारतात झालेली ही पहिलीच मानांकन स्पर्धा. त्याच हंगामापासून बहुतेक स्पर्धांत सर्व १२८ खेळाडूंना पहिल्या फेरीपासून खेळवण्याची पद्धत सुरू झाली होती. मानांकनात खाली असलेल्यांना आता चार-चार पात्रता सामन्यांचा डोंगर चढावा लागत नव्हता. मेहतांनी या बदलाचे सोने केले. उपांत्य फेरीत त्यांची गाठ स्कॉटलंडच्या स्टीफन मग्वायरशी पडली. सात फ्रेमच्या (फ्रेम म्हणजे सामन्यातला एक डाव) त्या सामन्यात ३-३ अशी बरोबरी झाली आणि निर्णायक फ्रेम मेहतांनी जिंकली. सातवी फ्रेम खेळणाऱ्या माणसावर काय दडपण असते, हे क्यू हातात धरलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. इथे तर समोर घरचे प्रेक्षक होते, आणि भारतीय खेळाडू आजवर कधीच न पोहोचलेली फेरी एका फ्रेमवर आली होती.

अंतिम सामन्यात चीनच्या डिंग जुनह्वीने त्यांना ५-० असे हरवले. निकाल एकतर्फी होता, पण डिंग तेव्हा कोणत्या लयीत होता हे पाहिल्याशिवाय त्या आकड्याचा अर्थ लागत नाही. त्याने आधीची शांघाय मास्टर्स जिंकली होती, दिल्लीनंतर लगेच इंटरनॅशनल चॅम्पियनशिपही जिंकली. त्या एका हंगामात पाच मानांकन विजेतीपदे मिळवून त्याने स्टीफन हेंड्रीच्या विक्रमाशी बरोबरी केली. दिल्लीनंतर इंडियन ओपन मुंबई (२०१५), हैदराबाद (२०१६), विशाखापट्टणम (२०१७) आणि कोची (२०१९) इथे झाली. त्यांपैकी एकाही अंतिम सामन्यात भारतीय खेळाडू नव्हता.

फ्युर्थचा १४७

ऑगस्ट २०१४ मध्ये जर्मनीतील फ्युर्थ इथे झालेल्या पॉल हंटर क्लासिक स्पर्धेत मेहतांनी १४७ चा ब्रेक केला. समोर पुन्हा मग्वायरच होता. वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी कर्करोगाने गेलेल्या इंग्लिश खेळाडूच्या नावाने ही स्पर्धा भरत असे.

१४७ चे गणित सोपे आहे. पंधरा लाल चेंडूंचे १५ गुण, प्रत्येक लालनंतर घेतलेल्या काळ्याचे ७ प्रमाणे १०५, आणि शेवटी पिवळा, हिरवा, तपकिरी, निळा, गुलाबी, काळा या क्रमाने २७. अवघड आहे ती त्यातली सक्ती. एरवी ब्रेक करताना लाल पडल्यावर निळा किंवा गुलाबी घेऊन खेळाडू सुटका करून घेऊ शकतो. इथे पंधराही वेळा काळाच हवा. काळ्याची जागा टेबलाच्या एका टोकाशी, त्यामुळे पांढरा चेंडू सतत त्या टोकाच्या आसपास राखावा लागतो. कुशनला चिकटलेला किंवा लांब पडलेला एखादा लालही घ्यायचा आणि पुन्हा काळ्यावर यायचे. सलग छत्तीस चेंडू, एकही चूक न करता. साधारण ऐंशी गुणांनंतर फ्रेम हातात आलेली असते, सामन्याच्या दृष्टीने पुढच्या फटक्यांना अर्थ नसतो. तरीही हाताचा थरथराट तिथूनच सुरू होतो.

व्यावसायिक सामन्यांतला शंभरावा अधिकृत १४७ मार्क सेल्बीने डिसेंबर २०१३ मध्ये केला होता. मेहतांचा त्यानंतर आठ महिन्यांनी आला. स्टीव्ह डेव्हिसने १९८२ मध्ये दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा हा ब्रेक केला होता, म्हणजे तीसेक वर्षांत अवघे शंभरेक वेळा घडलेली गोष्ट. मेहतांच्या आधी १९८८ मध्ये भारताच्या गीत सेठी यांनी राष्ट्रीय हौशी स्पर्धेत १४७ केला होता. व्यावसायिक टेबलावर भारतीयाने केलेला मात्र हा पहिलाच.

दुखापत आणि परतीचा खेळ

मानांकनात पहिल्या ६४ मध्ये पोहोचलेला हा खेळाडू पुढे आणखी चढेल अशी अपेक्षा होती. आड आले ते मान आणि खांद्याचे दुखणे. स्नूकरमध्ये धावपळ नसल्याने दुखापतीचा संबंध लोकांच्या लक्षात येत नाही. प्रत्येक फटक्याला खेळाडू कमरेत वाकतो, हनुवटी क्यूला टेकवतो, एक हात पुढे ताणतो आणि मान मात्र वर उचलून धरतो. रोज पाच-सहा तास, वर्षानुवर्षे तेच. त्या स्थितीत मान साथ देईनाशी झाली की नेम जातो, आणि नेम गेला की मानांकन. २०१६ मध्ये त्यांचे व्यावसायिक वर्तुळातले स्थान गेले.

खेळ मात्र सुटला नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये म्यानमारमधील मंडाले इथे पंकज अडवाणींच्या साथीने त्यांनी जागतिक सांघिक स्नूकर स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यात भारताने थायलंडला ५-२ असे हरवले. त्यानंतर २०२० च्या सुरुवातीला पुण्यात झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याच अडवाणींना हरवून ते स्नूकरचे राष्ट्रीय विजेते ठरले. २०२३ मध्ये मुंबईचाच इशप्रीत सिंग चड्ढा पात्रता स्पर्धेतून व्यावसायिक वर्तुळात दाखल झाला.