स्पॉट रंगांचे प्रोसेस रंगांत रूपांतर

आधीच घोटून तयार केलेल्या एखाद्या खास शाईसाठी योजलेला रंग पानातून काढून, त्याच्या जागी सायन, मॅजेन्टा, यलो आणि ब्लॅक या चार शायांच्या बारीक ठिपक्यांतून तो किंवा त्याच्या शक्य तितका जवळचा रंग साधणे, या क्रियेला स्पॉट रंगाचे प्रोसेस रंगात रूपांतर म्हणतात. ही क्रिया इनडिझाइन, क्वार्कएक्सप्रेस, पेजमेकर, कोरलड्रॉ यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्लेट (एकेका शाईचा भाग कागदावर उमटवणारा छपाईचा पत्रा) काढण्यापूर्वी केली जाते. छापखान्यात स्पॉट रंगाला 'स्पेशल कलर' आणि चार शायांच्या छपाईला 'फोर कलर' म्हणतात.

प्रत्येक स्पॉट रंगाला स्वतंत्र प्लेट लागते, त्यामुळे रूपांतराचा निर्णय पडद्यावर पाहून नव्हे, तर मशीन पाहून घ्यावा लागतो. बीड, परभणी किंवा हिंगोलीसारख्या गावांतील छापखान्यात पावतीपुस्तक वा हँडबिल एकरंगी अथवा दुरंगी मशीनवर काळ्या आणि लाल शाईत छापायचे असेल, तर स्पॉट रंग तसाच ठेवणे योग्य असते. तेथे रूपांतर केल्यास दोन प्लेटांचे काम विनाकारण तीन-चार प्लेटांवर जाते. याउलट लातूरच्या एखाद्या शिकवणी वर्गाचे माहितीपत्रक विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांसह चाररंगी मशीनवर जाणार असेल आणि बोधचिन्हात एक स्पॉट रंग राहून गेला असेल, तर पाचवी प्लेट निघते आणि चाररंगी मशीनवर कागद पुन्हा एकदा चालवावा लागतो.

स्पॉट रंगांच्या नावांसाठी सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत पँटोनची असून ती 1963 मध्ये सुरू झाली. तिच्यातील पुष्कळ रंग चार शायांच्या आवाक्याबाहेरचे आहेत. उजळ केशरी, गडद निळा, धातूसारखे चमकणारे आणि फ्लुरोसंट रंग रूपांतरानंतर हमखास मंदावतात. लग्नपत्रिका, यात्रेची पत्रके, मिरवणुकीचे फलक यांत भगव्या-केशरी रंगाला मान असल्याने मराठवाड्यातील डीटीपी चालकाला (संगणकावर पानांची मांडणी करणाऱ्याला) ही अडचण वारंवार येते. मॅजेन्टा आणि यलोची टक्केवारी कितीही बदलली तरी शुद्ध केशरी शाईची झळाळी येत नाही, आणि हे ग्राहकाला छपाईनंतर नव्हे तर आधीच, छापील रंगपट्टीवर दाखवून सांगितले पाहिजे. पँटोनच्या 'ब्रिज' पट्टीत स्पॉट रंग आणि त्याचे चाररंगी रूप शेजारी-शेजारी छापलेले असतात, म्हणून पडद्यापेक्षा ती कितीतरी विश्वसनीय ठरते.

इनडिझाइनमध्ये रूपांतराचे दोन मार्ग आहेत. 'स्वॉचेस' (फाइलमधील रंगांची यादी) पॅनेलमध्ये रंगाचा प्रकार 'स्पॉट'ऐवजी 'प्रोसेस' केला, तर फाइलमधील रंगाची व्याख्याच बदलते. 'इंक मॅनेजर' या शायांच्या यादीतील 'ऑल स्पॉट्स टू प्रोसेस' ही खूण केली, तर मूळ रंग शाबूत राहून फक्त पीडीएफ किंवा प्लेट काढताना रूपांतर होते. तीच फाइल पुढे दुरंगी मशीनवर जाण्याची शक्यता असेल तेव्हा दुसरा मार्ग श्रेयस्कर. कोरलड्रॉ किंवा इलस्ट्रेटरमध्ये तयार करून जोडलेल्या ईपीएस वा पीडीएफ चित्रातील स्पॉट रंग स्वॉचेसमधून बदलता येत नाही. तेथे इंक मॅनेजर किंवा मूळ चित्रातील दुरुस्ती हेच उपाय आहेत. एकच शाई 'सी' (लेप दिलेल्या कागदासाठी) आणि 'यू' (बिनलेपाच्या कागदासाठी) अशा दोन प्रत्ययांनी आली तर सॉफ्टवेअर ते दोन वेगळे रंग मानून दोन प्लेटा काढते.

इनडिझाइनसारख्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांत पँटोन रंगांसोबत तयार सीएमवायके (चार शायांची) टक्केवारी असे, तर नव्या आवृत्त्यांत लॅब मूल्यांवरून (रंग डोळ्यांना कसा दिसतो ते सांगणाऱ्या आकड्यांवरून) रंग-प्रोफाइलनुसार, म्हणजे कागद व छपाईच्या निवडलेल्या वर्णनानुसार, टक्केवारी काढली जाते. त्यामुळे एकाच नावाचा रंग दोन संगणकांवर वेगळ्या टक्केवारीत फुटू शकतो आणि स्वच्छ पिवळ्यात दोन-तीन टक्के सायन शिरून तो मळकट होतो. अशी किरकोळ टक्केवारी हाताने शून्यावर आणावी. नोव्हेंबर 2022 मध्ये इनडिझाइन बनवणाऱ्या अडोबी कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून बहुतेक पँटोन रंगसंच काढले गेले, त्यामुळे नव्या कामात ही मूल्ये छापील पट्टीवरून हाताने भरण्याची सवय अधिकच उपयोगी पडते.

देवनागरी मजकुराबाबत विशेष दक्षता हवी, आणि नेमक्या याच बाबीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. स्पॉट शाईतील मरून अक्षर एका प्लेटवर भरीव छापले जाते. रूपांतरानंतर तेच अक्षर मॅजेन्टा, यलो आणि ब्लॅक अशा तीन प्लेटांवर वाटले जाते, आणि रजिस्टर (प्लेटांची एकमेकींवरील जुळणी) केसभर जरी हलले तरी रफार, अनुस्वार, उकार यांच्या कडेला रंगीत सावली दिसते. आठ-नऊ पॉइंटांच्या मजकुरात जोडाक्षरांच्या आतील पोकळ्या बुजतात. गडद पट्टीवर पांढरी अक्षरे असतील तर हानी आणखी वाढते. म्हणून लग्नपत्रिकेतील प्रेषक-निमंत्रकांची बारीक नावे निव्वळ काळ्यात, किंवा किमान एक शाई शंभर टक्के राहील अशा रंगात ठेवावीत. वर्तमानपत्री कागदावर गडद रंगांतील चारही शायांची बेरीज साधारण 240 टक्क्यांच्या आत राहील, हेही तपासावे लागते.

काही स्पॉट रंग हे मुळात रंगच नसतात. डायकटिंगची (साच्याने कागद कापण्याची) रेघ, यूव्ही वार्निशचा (चकाकीच्या लेपाचा) भाग, पत्रिकेवरील सोनेरी फॉइलचा ठसा यांना फाइलमध्ये केवळ वेगळी प्लेट मिळावी म्हणून स्पॉट नाव दिलेले असते. 'ऑल स्पॉट्स टू प्रोसेस' सरसकट लावल्यास कापणीची रेघ छापील रेघ होऊन कागदावर उमटते. बियाणे उद्योगासाठी प्रसिद्ध असलेल्या जालन्यातील कंपन्यांच्या पाकिटांसारख्या, प्लास्टिक फिल्मवर ग्रॅव्ह्युअरने (कोरलेल्या रुळाने) छापल्या जाणाऱ्या कामात पांढऱ्या शाईचा थरही असाच नोंदवलेला असतो. पडद्यावर तो दिसावा म्हणून त्याला फिकट निळ्यासारखा एखादा रंग दिलेला असतो. चुकून रूपांतर झाल्यास पांढरा थर गळतो आणि तो निळाच छायाचित्रात मिसळतो. अशा फाइलीत रंग एकेक करून रूपांतरित करावेत आणि 'सेपरेशन्स प्रिव्ह्यू'मध्ये प्रत्येक प्लेट स्वतंत्रपणे उघडून पाहावी.