मसाई मारातला न हलणारा तंबू

केनियातल्या मसाई मारा राखीव क्षेत्रातल्या एका आलिशान कॅम्पचा वाद २०२५ साली कोर्टात गेला. वीस ‘तंबू’, प्रत्येकाला स्वतःचा छोटा स्विमिंग पूल, एका रात्रीचं भाडं साडेतीन हजार डॉलरपासून पुढे. कॅम्प विल्डबीस्टच्या, म्हणजे दरवर्षी कळपाने स्थलांतर करणाऱ्या हरणवर्गी प्राण्यांच्या, वाटेवरच उभा केलाय, असं विरोधक म्हणाले. वन्यजीव खात्याने ते नाकारलं. वाटेवर सगळेच बोलले. ‘तंबू’ या शब्दावर फारसं कुणी बोललं नाही.

मुळात इथला तंबू शिकाऱ्याचा. १९०९ साली अमेरिकेचे एक माजी राष्ट्राध्यक्ष शिकारीला केनियात आले, तेव्हा तंबू, पेट्या आणि कातडी टिकवायचं मीठ असा सगळा पसारा शेकडो हमालांच्या डोक्यावर होता. ‘सफारी’ हा स्वाहिली शब्द आपल्या ‘सफर’चा भाऊबंद, दोघांचं मूळ अरबी. मुक्काम हलला की तंबूही हलायचा. मारा १९४८ साली अभयारण्य झालं आणि १९६१ साली वाढून १,८२१ चौ. किमीवर गेलं. आज ते सुमारे १,५१० चौ. किमी उरलंय.

चित्र पालटलं १९७७ साली. फेब्रुवारीत टांझानियाने केनियालगतची सीमा बंद केली, ती उघडली थेट १९८३ मध्ये. नैरोबीहून माराला लागून असलेल्या टांझानियातल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाला जाणारे पर्यटक माराच्याच बाजूला थांबू लागले. १९७७ च्याच मे महिन्यात केनियाने शिकारीवर बंदी घातली आणि शिकारी तळांवरचे बरेच लोक कॅमेरावाल्यांच्या दिमतीला लागले. नदीकाठी कायमचे कॅम्प त्याआधीच दिसू लागले होते, पण आता त्यांना धरबंद राहिला नाही. तळेक नदीच्या काठाने तर एकाचं कुंपण संपतं तिथे दुसऱ्याचं सुरू होतं.

आता शब्दाचा घोळ. मारात ‘तंबूत राहिलो’ म्हणणारी तीन माणसं तीन वेगळ्या ठिकाणी राहिलेली असतात. पहिला गेटजवळच्या कॅम्पसाइटवर, स्वतःच्या घडीच्या तंबूत; रात्री बूट बाहेर राहिले तर तरस पळवतो. दुसरा हंगामी कॅम्पमध्ये. तिथे चुलीवर तापवलेलं पाणी बादलीत ओतून ती दोरीने फांदीवर चढवतात. साबण लावताना तोटी बंद करायची, नाहीतर फेस अंगावरच राहतो. हंगाम संपला की सगळं ट्रकवर चढतं आणि मागे पिवळं पडलेलं गवत राहतं. तिसरा ‘परमनंट टेंटेड कॅम्प’मध्ये. खाली काँक्रीटचा किंवा लाकडी चौथरा, वर दुसरं छप्पर, मागे फ्लशचा संडास, जमिनीत सेप्टिक टाकी. कापड फक्त भिंतींना. आमच्या मते ही खोली आहे, झिप लावलेली.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. २००५ नंतर राखीव क्षेत्राबाहेरच्या मसाई जमीनमालकांनी जमिनी एकत्र करून कॉन्झर्व्हन्सीसाठी, म्हणजे वन्यजीव आणि पर्यटनासाठी राखलेल्या खासगी क्षेत्रांसाठी, भाड्याने दिल्या. तिथली गर्दी मोजतात ती तंबूंवर: कुठे एका तंबूमागे ३५० एकर, कुठे ७००. ही अट गुणाचीच. भाडं दरमहा घरी येतं आणि एका सिंहाभोवती वीस गाड्या जमत नाहीत. पण या हिशेबात बादलीचा तंबू एक आणि स्विमिंग पूलवालाही एकच.

राखीव क्षेत्रात २०२३ ते २०३२ च्या आराखड्याने नव्या निवासांना मनाई केलीय. तरीही कोर्टात गेलेला तो नवा कॅम्प आला. जागा आधीपासून पर्यटनासाठीच ठरवलेली होती, असं प्रशासनाचं म्हणणं. तंबू ‘उभारला’ की ‘बांधला’, हे मात्र कुणी विचारलं नाही.

जुलै ते डिसेंबर परदेशी पर्यटकाला प्रवेशशुल्क दिवसाला २०० डॉलर पडतं. घडीचा तंबू आणणाऱ्यालाही तेवढंच.