निवास परवान्याची मुदतवाढ : टर्मिन मिळाली म्हणजे अर्ज झाला असे नाही

जर्मनीतील निवास परवान्याची मुदत संपत आली की अर्ज तयार करून देणाऱ्या आमच्या सेवेकडे येणाऱ्या बहुतेक ग्राहकांचा सूर एकच असतो : टर्मिन (सरकारी कार्यालयातील भेटीची ठरलेली वेळ) तर मिळाली आहे, आता फक्त त्या दिवशी कागद घेऊन जायचे. पुष्कळदा ती टर्मिन परवान्याची मुदत संपल्यानंतरची असते आणि मधल्या आठवड्यांचे काय, याचा विचार कोणी केलेला नसतो. हे माहितीपत्रक मुख्यतः त्या मधल्या आठवड्यांविषयी आहे. आपण येथे शिकायला किंवा नोकरीला आहात, आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक कार्ड आहे आणि आपल्या शहरातील आउसलेंडरबेहोर्डेचा, म्हणजे परदेशी नागरिकांचे परवाने देणाऱ्या कार्यालयाचा, पत्ता आपल्याला ठाऊक आहे, असे आम्ही गृहीत धरले आहे.

निवास कायद्याच्या कलम ८१ च्या चौथ्या उपकलमात या प्रश्नाचे उत्तर आहे. परवान्याची मुदत संपण्यापूर्वी मुदतवाढीचा अर्ज झालेला असेल, तर कार्यालयाचा निर्णय येईपर्यंत जुना परवाना चालू असल्याचे मानले जाते, आणि नोकरी किंवा शिक्षणाची जी मुभा त्यात होती तीही तशीच राहते. निर्णयाला दोन महिने लागोत की आठ, त्याची झळ अर्जदाराच्या कायदेशीर स्थितीला बसत नाही. मात्र हे सारे संरक्षण अर्ज वेळेत पोचण्यावर अवलंबून आहे. टर्मिन म्हणजे कार्यालयात हजर राहण्याची वेळ. ती ठरवून घेणे हाच अर्ज, असे सगळी कार्यालये मानतील याची खात्री नाही. काही शहरांची कार्यालये आपल्या संकेतस्थळावर याबाबत सवलतीची सूचना देतात, काही देत नाहीत, आणि दिलेली सूचना बदलतेही. म्हणून आम्ही टर्मिनच्या ईमेलवर कोणाचाही परवाना अवलंबून ठेवत नाही.

समजा, एका नोकरदार ग्राहकाच्या कार्डावर १४ मार्च ही तारीख आहे आणि त्याला २ एप्रिलची टर्मिन मिळाली आहे. १५ मार्चला कंपनीच्या मनुष्यबळ विभागातून विचारणा होते, कारण परदेशी कर्मचाऱ्याकडे काम करण्याची परवानगी आहे की नाही हे तपासणे आणि परवान्याची प्रत जपून ठेवणे ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. अशा वेळी ग्राहकाकडे फक्त टर्मिनचा ईमेल असला, तर कंपनी त्याला घरी बसवू शकते, आणि त्यात कंपनीचे फारसे चुकतही नाही. त्याच माणसाने फेब्रुवारीत दोन परिच्छेदांचा अर्ज लेखी पाठवून त्याची पोच जवळ ठेवली असती, तर त्याला २ एप्रिलची वाट निवांतपणे पाहता आली असती.

मुदत उलटल्यावर अर्ज केला तर जुना परवाना आपोआप पुढे चालत नाही. अनवधानाने थोडासाच उशीर झाला असेल आणि अन्यथा अवाजवी त्रास होणार असेल, तर परवाना चालू मानण्याचा आदेश देण्याची मुभा कायद्याने कार्यालयाला दिली आहे. पण ती मुभा कार्यालयाची आहे, अर्जदाराचा हक्क नव्हे. शिवाय पुढे कायमस्वरूपी निवासाचा किंवा नागरिकत्वाचा अर्ज करताना सलग कायदेशीर वास्तव्याची वर्षे मोजली जातात आणि असा खंड तेव्हा पुन्हा समोर येतो. २७ जून २०२४ पासून नागरिकत्वासाठी सामान्यतः पाच वर्षे पुरेशी आहेत, त्यामुळे पूर्वी दूरचा वाटणारा हा विषय आता अनेकांच्या दारात आला आहे.

अर्ज कसा असावा, याविषयी विनाकारण धास्ती घेतली जाते. मुदतवाढीच्या अर्जाला कायद्याने ठरावीक नमुन्याची सक्ती केलेली नाही. नाव, जन्मतारीख, पत्ता, सध्याच्या परवान्याचा प्रकार आणि अंतिम तारीख, तसेच त्याच कारणासाठी मुदतवाढ हवी आहे असे स्पष्ट वाक्य, एवढे लिहून सही केलेले पत्र अर्ज ठरते. शहराचा ऑनलाइन अर्ज उपलब्ध असेल तर तोच भरावा, कारण शेवटी त्याची पोच पीडीएफ स्वरूपात लगेच हाती येते. कागदपत्रे अपुरी असल्यास ती नंतर पाठवत असल्याचे त्यात लिहावे. कार्यालय ती मागते आणि त्यासाठी मुदत देते. ती मुदत मात्र पाळावीच लागते.

पोचेबाबत आम्ही थोडे हट्टी आहोत आणि त्याबद्दल ग्राहकांची नाराजीही ऐकतो. पत्र कधी पाठवले याला महत्त्व नाही, ते कार्यालयात कधी पोचले याला आहे. त्यामुळे शेवटच्या दिवशी साध्या टपालाने पाठवलेले पत्र निरुपयोगी ठरू शकते. ईमेल पाठवल्याची नोंद आपल्या खात्यात दिसते, पण समोरच्याला तो मिळाल्याचा पुरावा त्यातून मिळत नाही. म्हणून आम्ही ऑनलाइन अर्जाची पोच, नोंदणीकृत टपालाची पावती किंवा कार्यालयात हाताने दिलेल्या प्रतीवरचा शिक्का, यांपैकी एक तरी मागतोच. "मी ईमेल केला होता" या वाक्यावर फाइल उभी करताना आमचे कर्मचारी किती तास घालवतात, हे येथे सांगण्यात अर्थ नाही.

आता नेमका केव्हा अर्ज करावा. परवाना संपण्याच्या साधारण तीन महिने आधी अर्ज पोचावा अशा बेताने तयारी चार महिने आधी सुरू करावी, असे आम्ही सुचवतो. त्याच्याही फार आधी पाठवलेली फाइल अनेक ठिकाणी बाजूला ठेवली जाते आणि प्रत्यक्ष तपासणी होईपर्यंत पगारपत्रके, विम्याचे प्रमाणपत्र आणि विद्यापीठाच्या नोंदणीचा कागद जुने होतात, मग तेच सारे पुन्हा गोळा करावे लागते. नोकरदारांनी मागील तीन महिन्यांची पगारपत्रके, नोकरीचा करार आणि नोकरी चालू असल्याचे कंपनीचे पत्र तयार ठेवावे. विद्यार्थ्यांच्या बाबतीत खर्चाच्या तरतुदीचा पुरावा लागतो. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यासाठीचा आकडा दरमहा ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो असा ठरला. हा आकडा बदलत असल्याने आमच्याकडील यादीवर लिहिलेली तारीख जरूर पाहावी. छायाचित्र मे २०२५ पासून डिजिटल स्वरूपात द्यावे लागते, त्यामुळे जुन्या फोटोंचे पाकीट आता कामाचे नाही.

सर्वांत जास्त गुंता पासपोर्ट करतो. नव्या कार्डाची मुदत पासपोर्टच्या मुदतीपलीकडे सामान्यतः दिली जात नाही. पासपोर्टमध्ये सात महिने उरले असताना मुदतवाढ मागितली, तर कार्डही तेवढेच मिळते आणि शुल्क भरून सारी यातायात पुन्हा करावी लागते. तीन महिन्यांहून अधिक मुदतवाढीचे शासकीय शुल्क प्रौढांसाठी ९३ युरो आहे. भारतीय पासपोर्टधारकांना नव्या पासपोर्टसाठी बर्लिनमधील दूतावासाकडे किंवा म्युनिक, फ्रँकफर्ट आणि हॅम्बुर्ग येथील वाणिज्य दूतावासांपैकी आपल्या भागाच्या कार्यालयाकडे जावे लागते, आणि या कामाला वेळ लागतो. म्हणून कार्ड हातात घेऊन तारीख पाहाल तेव्हा त्याच बैठकीत पासपोर्टही उघडून पाहावा. मात्र नवा पासपोर्ट येईपर्यंत मुदतवाढीचा अर्ज थांबवून ठेवणे ही वर सांगितलेल्या चुकीचीच दुसरी आवृत्ती आहे. अर्ज वेळेत करावा, पासपोर्टच्या अर्जाची पावती सोबत जोडावी आणि नवा पासपोर्ट आल्यावर त्याची प्रत पाठवावी.

अर्ज वेळेत पोचल्यानंतरही जुने कार्ड कालबाह्य दिसतेच. कंपनी, बँक किंवा घरमालक यांना दाखवण्यासाठी कार्यालयाकडून फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग, म्हणजे निर्णय येईपर्यंतचे तात्पुरते प्रमाणपत्र, मागता येते. या घडी घातलेल्या कागदावर कलमांच्या चौकटी छापलेल्या असतात. त्यांतील कलम ८१ च्या चौथ्या उपकलमाच्या चौकटीत फुली आहे का, हे खिडकीपासून दूर जाण्यापूर्वी तपासून घ्यावे, कारण तिसऱ्या उपकलमाच्या चौकटीतील फुली परदेशातून परत येण्याचा हक्क देत नाही. चौथ्या उपकलमाची फुली, जुने कार्ड आणि वैध पासपोर्ट हे तिन्ही सोबत असतील तर प्रवासाला जाऊन जर्मनीत परतता येते. तरीही विमानतळावरील कर्मचाऱ्यांना हा कागद ओळखीचा असतोच असे नाही, म्हणून सुट्टीचे तिकीट काढण्यापूर्वी आम्हाला एकदा विचारावे.

आमच्या कामाच्या पद्धतीबद्दल दोन गोष्टी. इंटरनेटवर टर्मिन विकणारे लोक भेटतात आणि ते आमच्यापेक्षा जलद काम करतात असे आम्हाला वारंवार ऐकवले जाते. आम्ही टर्मिन विकत नाही आणि विकत घेऊनही देत नाही. वेळेत पोचलेला अर्ज आपल्याकडे असेल तर टर्मिन उशिरा मिळाल्याने हातचे काही जात नाही. दुसरे असे की आम्ही वकील नाही. अर्ज आणि सोबतची पत्रे तयार करणे, कागदपत्रांची छाननी करणे आणि कार्यालयाशी होणारा पत्रव्यवहार सांभाळणे एवढे आमचे काम आहे. मुदत उलटून गेली असेल, अर्ज नाकारला गेला असेल किंवा तीन महिने उलटूनही निर्णय येत नसल्याने न्यायालयात जाण्याचा विचार असेल, तर परदेशी नागरिकांच्या कायद्यात काम करणाऱ्या वकिलाकडेच जावे. तसे आम्ही पहिल्या भेटीतच सांगतो आणि त्या भेटीचे शुल्क घेत नाही.

पूर्वीच्या ग्राहकांच्या कार्डाच्या आणि पासपोर्टच्या तारखा आम्ही नोंदवून ठेवतो आणि मुदतीच्या चार महिने आधी त्यांना स्मरणपत्र पाठवतो. यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत, फक्त पत्ता किंवा ईमेल बदलला तर आम्हाला कळवावे. नवीन ग्राहकांनी पहिल्या भेटीपूर्वी कार्डाच्या दोन्ही बाजू, त्यासोबत मिळालेले हिरवे जोडपत्र आणि पासपोर्टचे छायाचित्राचे पान, यांच्या सुवाच्य प्रती पाठवाव्यात. जोडपत्राचा अनेकांना विसर पडतो, पण काम, कंपनी आणि अभ्यासक्रम यांविषयीच्या अटी तिथेच लिहिलेल्या असतात आणि त्या वाचल्याशिवाय अर्जातील कारण नेमके मांडता येत नाही. मुदतीला दोन आठवड्यांपेक्षा कमी दिवस उरले असतील तर प्रतींची वाट न पाहता फोन करावा. अशा वेळी आम्ही त्याच दिवशी अर्ज पाठवतो आणि बाकीची फाइल नंतर उभी करतो, मात्र त्या कामाचे शुल्क नेहमीपेक्षा जास्त आकारले जाते.