राजवाड्यातून ओव्हनमध्ये: फ्रेंच पोर्सलीनची पार्श्वभूमी

अठराव्या शतकाच्या मध्यात फ्रान्समधले सर्वांत देखणे पोर्सलीन उष्णतेपुढे मात्र लेचेपेचे होते. पॅरिसजवळच्या व्हँसेनला सुरू झालेला आणि १७५६ मध्ये सेव्रला हलवलेला राजाश्रयाचा कारखाना रंगकाम आणि सोनेरी नक्षीत कोणाला हार जात नसे. पण केओलिन ही पांढरी माती जवळ नसल्याने काचेसारखे घटक मिसळून ‘मऊ’ पोर्सलीन बनवावे लागे. कढत पेय ओतले की ते तडकण्याची धास्ती. जर्मनीत सॅक्सनीतल्या माइसेनच्या कारखान्याला केओलिनच्या, आच सोसणाऱ्या टणक पोर्सलीनचे गुपित केव्हाच उलगडले होते. जिंगदेजेनच्या चिनी कारागिरांची पद्धतही जेझुइट पाद्री दांत्रकोल याने १७१२ मध्येच पत्राने कळवली होती. कृती होती, माती नव्हती.

ती १७६८ च्या सुमारास मध्य फ्रान्समधल्या लिमोज शहराच्या दक्षिणेला सँतिरिये इथे सापडली. दार्ने नावाच्या शल्यवैद्याच्या बायकोने ती कपडे धुण्यासाठी वापरून पाहिली, असे सांगतात. १७७१ मध्ये लिमोजात कारखाना निघालासुद्धा.

केओलिन आणि फेल्डस्पार व क्वार्ट्झ ही खनिजे यांचे मिश्रण सुमारे १४०० अंश सेल्सियसला भाजले की भांडे इतके घट्ट होते की पाणी शोषतच नाही. झिलई आणि आतली माती त्याच आचेत एकजीव होतात, त्यामुळे तापताना-निवताना दोन्ही जवळजवळ सारख्याच प्रसरण-आकुंचन पावतात. साध्या झिलईदार भांड्यांवर पडणारी बारीक भेगांची जाळी इथे सहसा दिसत नाही.

नाव लिमोजचे झाले, पण स्वयंपाकघरातल्या पोर्सलीनसाठी मला नॉर्मंडीतले बायो हे गाव अधिक महत्त्वाचे वाटते. तिथला कारखाना १८१२ चा, केओलिन जवळच्या कोतांतँ द्वीपकल्पातले. १८४९ मध्ये तो फ्रँस्वा गॉसकडे आला आणि शोभेच्या वस्तूंपेक्षा आच सोसणाऱ्या भांड्यांवर भर आला. रसायनशास्त्रज्ञाची वाटी आणि स्वयंपाक्याचे भांडे एकाच कारखान्यातून निघू लागले! १९८४ मध्ये तो बंद पडला. बेरी प्रांतात १८१८ मध्ये फोएसीला सुरू झालेले पिलिव्ही आणि आग्नेय फ्रान्समधल्या द्रोमचे रेव्होल हे कारखाने मात्र अजून चालू आहेत. सुफ्लेची (अंड्याचा फुगवून भाजलेला हलका पदार्थ) उभ्या चुण्यांची पांढरी भांडी, ग्रातँच्या (वरचा थर खरपूस भाजलेला पदार्थ) पसरट थाळ्या हा त्यांचा नेहमीचा माल. ओव्हनमधून काढायचा आणि तसाच टेबलावर मांडायचा.

गॅसवर मात्र साधे पोर्सलीन चढवू नये. ज्योत तळाचा एकच भाग तापवते, कडा गार राहतात आणि त्या ताणाने चांगले जाड भांडेही दुभंगते.